जुन्या राइडिंग मोवरचं स्टेअरिंग फारच ढिलं झालंय. सुरुवात कुठून करू?

बकआय_बंड्या
नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात ओहायोत कोलंबसच्या बाहेर घर घेतलं. मागे सव्वा एकर गवत आहे. आधीच्या मालकाने शेडमधला राइडिंग मोवरही (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) घराबरोबर तसाच सोडला. ४२ इंची डेक (पात्यांवरचं झाकण), इंजिन चावी फिरवली की सुरू, पाती आणि बेल्ट ठीक. स्टेअरिंग मात्र नुसतं नावाला आहे. व्हील जवळजवळ पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत, आणि मग एकदम वळतात. सरळ पट्टा कापायला गेलं की दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताची शेंडी राहतेच. मागे ओढ्याकडे उतार आहे, तिकडे मोवर न्यायला घरातून सक्त मनाई आहे.

एका दुकानात फोन केला, तर मोवर न बघताच म्हणाले, "सेक्टर गिअर गेला असणार." गिअर आणि मजुरीचा मिळून जो आकडा सांगितला, त्यात चालू स्थितीतला दुसरा जुना मोवर येईल.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. पाने-पक्कड वर्ज्य नाही, गाडीचं ऑइल आणि ब्रेक पॅड घरीच बदलतो. पण गिअर वगैरे कधी उघडलेले नाहीत. गिअर खरंच बदलावा लागेल का? डेक काढावा लागतो का? की नाद सोडू?

तर्कटराव
नाद सोडा. शनिवारी एक ट्रक येतो, दोन माणसं उतरतात, चाळीस मिनिटांत गवत कापून जातात. तोवर आपण चहा घ्यायचा. इकडे न्यू जर्सीत एडिसनमध्ये आम्ही सगळे हेच करतो.

बकआय_बंड्या
तर्कटराव, एडिसनमधलं तुमचं अंगण माझ्या ड्राइव्हवेएवढं असेल हो.

निवांत_नागपूरकर
काहीही उघडायच्या आधी टायरची हवा बघा. पुढच्या दोन टायरांत वेगवेगळी हवा असेल तर मोवर एका बाजूला ओढतो आणि आपण स्टेअरिंगला शिव्या घालत बसतो. साधारण पुढे १४ पीएसआय, मागे १० पीएसआय असते. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, तो ओलांडू नका. गाडीला ३२ भरतात म्हणून इथेही ३२ भरणारे लोक मी ह्युस्टनात पाहिलेत. मोवर दगडासारखा उडतो त्याने, आणि त्या छोट्या रिमवर टायर फुटायचीही भीती.

माई_ग्रँडरॅपिड्स
दुरुस्तीतलं मला कळत नाही, पण इमर्जन्सी रूममध्ये पुष्कळ वर्षं काढली आहेत म्हणून बोलते. घरच्या मनाईचं ऐका. बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर राइडिंग मोवर नेऊ नका असं असतं. त्याहून कमी उतारावरही वर-खाली चालवायचा, आडवा नाही. हे नीट स्टेअरिंग असलेल्या मोवरचं झालं. तुमचा तर ओढ्याच्या काठी वेळेवर वळणारच नाही.

आणि घरात मुलं असतील तर मांडीवर बसवून फिरवू नका, कितीही हट्ट केला तरी. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की राइडिंग मोवर १६ वर्षांखालच्या मुलांनी चालवू नये, आणि मागे-पुढे बसवून तर कोणालाच नेऊ नये. दर उन्हाळ्यात आमच्याकडे एखादी तरी केस यायचीच. असो, आता पानेवाल्यांना बोलू देते.

नटबोल्ट
माईंना अनुमोदन. आता पानेवाला बोलतो. (पिंपरीत टूलरूम, मग डेट्रॉइटला गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये नोकरी, आता निवृत्त आणि शेजाऱ्यांचे मोवर.)

बंड्या, दुकानवाला चुकलाच असेल असं नाही, पण न बघता गिअर ठरवणं मला पटत नाही. या मोवरच्या स्टेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, एका जागी क्वचितच असतो. थोडा इथे, थोडा तिथे, आणि सगळ्यांची बेरीज तुमच्या हातात पाव फेरा होऊन येते. बहुतेक जण सगळ्यांत महाग भाग आधी बदलतात, तो निम्माच खेळ घालवतो, मग पुन्हा शोधाशोध.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. व्हीलखालून एक दांडा खाली उतरतो. त्याच्या तळाशी पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. तो पंख्याच्या आकाराच्या, पत्र्यातून कापलेल्या दातेरी पट्टीत बसतो, तोच सेक्टर गिअर. सेक्टरपासून ड्रॅग लिंक, म्हणजे चाकं वळवणाऱ्या सळया, निघतात. काही मॉडेलना दोन्ही चाकांना स्वतंत्र लिंक असते, काहींना एका बाजूला ड्रॅग लिंक आणि दोन चाकांमध्ये टाय रॉड. लिंकच्या टोकाला बॉल जॉइंट, पुढे स्पिंडल, म्हणजे चाकाचा वळणारा दांडा, आणि त्याच्यावर चाक. गाडीसारखी बंद डबी नाही, तेल नाही. सगळं उघड्यावर, डेकच्या धुळीत आणि गवताच्या भुशात.

आता शोध. यासाठी डेक काढायला नको. मोवर सपाट जागी, इंजिन बंद, चावी काढलेली, स्पार्क प्लगची वायर सुटी करून बाजूला. चाकं जमिनीवरच राहू द्या, वजन असल्याशिवाय खेळ दिसत नाही. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवा आणि व्हील फक्त इंचभर डावीकडे-उजवीकडे हलवत राहायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन बाजूला आडवे व्हा आणि वरपासून खाली बघत या. हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे मरते, एवढंच बघायचं.

व्हील हललं पण दांडा हलला नाही, तर व्हीलखालचा अडॅप्टर किंवा पिन गेली. दांडा फिरण्याऐवजी तळाशी कडेला सरकतोय, तर खालचा बुश (दांड्याभोवतीची झिजणारी नळी) गेला. हा बहुधा प्लास्टिकचा आणि स्वस्त असतो, पण तो झिजला की पिनियन सेक्टरपासून लांब ढकलला जातो आणि गिअर झिजल्यासारखा भास होतो. दांडा नीट फिरतोय पण सेक्टर उशिरा हलतो, तर दाते. सेक्टर हलण्याऐवजी वर-खाली डुलतोय, तर त्याचा मधला बोल्ट किंवा बुश. तो ज्या प्लेटवर बसलाय ती प्लेटच लवतेय का, वेल्डजवळ चीर आहे का, हेही बघा. जुन्या मोवरला ही चीर मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिथे नवा गिअर बसवून काडीचा उपयोग होत नाही. मग बॉल जॉइंट: लिंकवर बोटं ठेवा, टकटक हाताला लागते.

हे झाल्यावर पुढचा भाग उचला. जॅक फ्रेमखाली लावा, अॅक्सलखाली नको, कारण अॅक्सल मधल्या पिनवर झुलतो. मागच्या चाकांना ठोकळे, आणि जॅकवर विसंबायचं नाही, स्टँड लावायचे. आता प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. चाक स्पिंडलवर डुलतंय की स्पिंडल अॅक्सलमध्ये डुलतोय, ते वेगळं करून बघा. दोन्हीकडे बुश असतात, दोन्ही झिजतात.

एवढं बघून इथे लिहा. तोवर काहीही मागवू नका.

निवांत_नागपूरकर
वाचनखूण साठवली. माझाही असाच डोलतोय.

ऊसवाला
नटबोल्ट साहेब, छान समजावलं. आमच्याकडे मोवर नाही, पण जुना ट्रॅक्टर आहे, आणि दुखणं तेच. ट्रॅक्टरला स्टेअरिंग बॉक्स असतो, आत वर्म (मळसूत्रासारख्या खाचेचा दांडा) आणि सेक्टर शाफ्ट, सगळं तेलात बुडलेलं, म्हणून बॉक्स लवकर जात नाही. प्ले येतो तो टाय रॉड एंडला आणि किंग पिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या पिनच्या) बुशला. आमचा मिस्त्री पण आधी माणूस सीटवर बसवून खाली वाकूनच बघतो.

आणि बुश विकत कशाला आणायचे? इस्लामपूरच्या लेथवाल्याकडे पिन घेऊन गेलो की तो मापाने गनमेटलचे बुश कातून देतो. तासाभराचं काम. झिजलेल्या पिनला वेल्डिंग भरून पुन्हा कातून देतात, तेही चालतं.

नटबोल्ट
ऊसवाला भाऊ, इथे तसा लेथवाला गाठणं हेच मोठं काम. त्याचा तासाचा दर ऐकला की नवा स्पिंडल स्वस्त वाटतो. पण तयार ब्राँझचे बुश मिळतात, तेल शोषून घेतलेले. बऱ्याच मोवरच्या पुढच्या स्पिंडलचा व्यास पाऊण इंच असतो, तरी कॅलिपरने मोजल्याशिवाय मागवायचं नाही. स्वस्त मोवरच्या अॅक्सलला काही वेळा बुशच नसतो, लोखंडात नुसतं भोक. ते लांबट झालं की तुमचीच युक्ती: भोक गोल करून बुश ठोकायचा.

बकआय_बंड्या
नटबोल्ट काका, शनिवारी मुलीला सीटवर बसवलं (वय १७, माई, आणि इंजिन बंद!) आणि मी खाली आडवा झालो. दिसलं ते असं:

व्हील आणि दांडा वरच्या बाजूला घट्ट. दांडा तळाशी चांगलाच कडेला सरकतो, बुशचा अर्धा भाग तर गायबच आहे. सेक्टर फिरायच्या आधी थोडा वर उचलला जातो. मधले चार-पाच दात चकचकीत आणि टोकाला बारीक झालेत, दोन्ही कडांचे दात मात्र नवे वाटावेत असे. प्लेटला चीर नाही. डाव्या लिंकचा पुढचा बॉल जॉइंट टकटकतो. डावं चाक स्पिंडलवर भयंकर डुलतं, उजवं थोडं कमी. स्पिंडल स्वतः ठीक.

फोटो टाकतोय. दाते झिजलेत म्हणजे गिअर बदलावा लागणारच ना?

तर्कटराव
फोटो दिसत नाहीये. (चहा घेत वाचतोय.)

मेपल_वाडी
फोटो मला दिसला. सेक्टर गिअर पालथा घालून बसवता येत नाही का? कुठेतरी वाचलं होतं.

नटबोल्ट
पालथा घालून काय मिळणार? डावा दात उजवीकडे जाईल, पण झिजलेत ते मधले, आणि मधले मध्येच राहतात. शिवाय डावी-उजवी दोन्ही वळणं घेतल्याने दाताच्या दोन्ही बाजू खाल्लेल्या असतात. गवत कापताना बहुतेक वेळ मोवर सरळच जातो, म्हणून मधलेच दात मरतात.

त्यापेक्षा पिनियनकडे बघा. सेक्टरची जाडी थोडी, पिनियनची उंची जास्त, त्यामुळे पिनियनवर झिजेचा एक पट्टा पडतो आणि त्याच्या वर-खाली दाते शाबूत असतात. दांड्याखाली योग्य जाडीचा वॉशर घालून पिनियन थोडा वर घेतला की शाबूत भाग कामाला येतो. पिनियन अर्धा फेरा फिरवून बसवला तर सरळ चालताना दुसरे दात लागतात, मात्र व्हील उलटं दिसेल. हे दोन्ही एखाद्या हंगामापुरते उपाय. काही मॉडेलना पिनियनचा किंवा सेक्टरचा आधार लांबट भोकांत असतो, बोल्ट सैल करून दोघांना जवळ आणता येतं. तसं असेल तर एक सांभाळा: मध्ये झीज जास्त आहे, म्हणून मधला खेळ शून्य केलात की टोकाला वळवताना दाते एकमेकांत अडकतील. मध्ये थोडा खेळ राहू द्या आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा.

तुमच्याबाबतीत क्रम सांगतो. आधी चाकांचे बुश, दांड्याचा खालचा बुश आणि सेक्टरचा मधला बोल्ट. डाव्या लिंकचा जॉइंट. हे सगळं मिळून त्या दुकानदाराच्या आकड्याच्या आसपासही जात नाही. मग पुन्हा मुलीला बसवा. उरलेला खेळ सोसवत असेल तर गिअर तसाच राहू द्या. सोसवत नसेल तर सेक्टर आणि पिनियन दोन्ही एकत्र बदला. एक नवा एक जुना ठेवला तर जुना नव्याला खातो.

बकआय_बंड्या
चाकांचे बुश प्लास्टिकचेच घेऊ का? एका ठिकाणी बॉल बेअरिंगचा सेट दिसला.

निवांत_नागपूरकर
बेअरिंग घ्या. मी पुढच्या चाकांना घातले आहेत, आतला व्यास पाऊण इंच, बाहेरचा १ ३/८ इंच, फ्लँजवाले (एका बाजूला कडा असलेले). जुने बुश आतून लांब पंचने ठोकून निघतात. चाक काढायला फक्त टोपी, ई-क्लिप आणि वॉशर. ती क्लिप उडून गवतात गेली की सापडत नाही, म्हणून वर फडकं धरा. आणि एक जास्तीची मागवूनच ठेवा.

नटबोल्ट
बेअरिंगला हरकत नाही, सीलवाले घ्या. मात्र चाकाच्या नळीतलं भोक मोजा. प्लास्टिक बुश बरीच वर्षं डुलत राहिला असेल तर ती नळीच वेडीवाकडी झालेली असते. मग बेअरिंग ठोकूनही सैलच बसतं.

मेपल_वाडी
अवांतर आहे, पण विचारतो. ओंटारियोत शेतावरच्या लिलावात साठीच्या दशकातला कब कॅडेट घेतला आहे, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या काळातला. त्याला हे पंख्यासारखं काही दिसतच नाही. खांबाखाली चक्क लोखंडी डबी आहे, आणि खेळ तोच.

नटबोल्ट
अहो, अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यांत देखणा मोवर तुमचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हार्वेस्टरने कब कॅडेट काढला, तेव्हा त्याला रॉस पद्धतीचा स्टेअरिंग बॉक्स दिला होता. दांड्यावर वर्मसारखी नागमोडी खाच, आणि लिव्हरवरचा एक पेग, म्हणजे खुंटी, त्या खाचेत फिरतो. पेगचं टोक सपाट झालं की खेळ येतो. चाकं सरळ ठेवा, पेगचा चेक नट (पेग जागेवर धरणारा नट) सैल करा, पेग अगदी थोडा आत घ्या, नट पुन्हा आवळा, आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवून अडत नाही ना बघा. टोक फारच गेलं असेल तर नवा पेग मिळतो. डबीत जुनं ग्रीस सुकून दगड झालं असेल, ते खरवडून नवं भरा.

ऊसवाला
हां, हे आमच्या ट्रॅक्टरसारखं झालं. साठ वर्षं टिकलं ते उगाच नाही. बंड्या भाऊंच्या मोवरला ग्रीस भरायचे निप्पल आहेत का? ग्रीस मारत राहिलं असतं तर एवढं झालंच नसतं.

निवांत_नागपूरकर
इथेच थोडं वेगळं मत. सेक्टरच्या उघड्या दात्यांना ग्रीस लावलं की त्यात वाळू आणि भुसा बसतो आणि तो लेप दाते घासत राहतो. मी कोरडा ग्राफाइट वापरतो.

नटबोल्ट
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. जिथे निप्पल आहे तिथे ग्रीस गन, आणि चाक अधांतरी उचलून मारायची, म्हणजे वजनाखाली दाबलेल्या पृष्ठभागापर्यंत ग्रीस पोचतं. नायलॉनच्या बुशना ग्रीस नको. कित्येक मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की चिकट वंगण धूळ ओढतं, द्यायचंच तर ग्राफाइटची भुकटी, तीही थोडी. उघड्या दात्यांबाबत तुमच्या मॅन्युअलचं ऐका. मी स्वतः हंगामाच्या सुरुवातीला दाते ब्रशने साफ करून पातळ हात देतो, थापत नाही.

बकआय_बंड्या
भाग शोधताना अडलोय. बॉनेटवरच्या नावाने शोधलं तर शंभर प्रकारचे सेक्टर गिअर दिसतात.

नटबोल्ट
बॉनेटवरच्या नावावर जाऊ नका. सीट उचला, खाली पाटी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या. क्राफ्ट्समन नावाच्या जुन्या मोवरचंच बघा: नंबर ९१७ ने सुरू झाला तर तो एवायपीने, म्हणजे नंतरच्या हस्कवार्नाने बनवलेला, २४७ ने सुरू झाला तर एमटीडीने. नाव एकच, स्टेअरिंग पूर्ण निराळं. नंबरवरून भागांची आकृती मिळते, तीत प्रत्येक वॉशरसुद्धा दाखवलेला असतो. तुमच्यात एखादा वॉशर नसेल तर सेक्टर वर का उचलला जातो त्याचं उत्तर तिथेच सापडेल.

बकआय_बंड्या
अपडेट देतो.

आकृतीत सेक्टरखाली एक जाड वॉशर दाखवला आहे, माझ्यात तो नव्हताच! आधी कोणीतरी उघडून बसवताना विसरलेलं दिसतंय. डेक काढला: सगळ्यांत खालच्या खाचेत आणला, इंजिनच्या पुलीवरून बेल्ट उतरवला, पिना काढून बाजूने ओढला. वाटलं होतं त्याहून सोपं. खरा छळ व्हीलने केला. बोल्ट निघाला, पण व्हील दांड्याला गंजून चिकटलेलं. गंजावरचं तेल मारून रात्रभर सोडलं, सकाळी खालून हात घालून गदागदा हलवलं तेव्हा सुटलं.

दांड्याचा बुश, सेक्टरचा वॉशर आणि बोल्ट, डावी लिंक, चाकांना बेअरिंग, एवढंच बदललं. गिअर जुनाच. व्हीलला आता साधारण इंच-दीड इंच खेळ राहिलाय. पट्टे सरळ येतात. सेक्टरचा दातेरी भाग खूप साफ करावा लागला, आत जुन्या गवताचा अक्षरशः गोवऱ्यांसारखा थर होता.

तर्कटराव
अभिनंदन. आता माझ्याही अंगणात येऊन कापून जा, चहा देतो.

बकआय_बंड्या
एक शंका उरली. पुढची चाकं वरून बघितली तर किंचित बाहेर फाकलेली वाटतात. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) बदलता येत नाही. मग?

नटबोल्ट
आधी मोजा. हबच्या उंचीवर, दोन टायरांमधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने. पुढचं अंतर ३ ते ६ मिलिमीटरने कमी असावं. ज्यांच्या लिंकची लांबी पक्की आहे, त्यांत फरक पडला म्हणजे काहीतरी वाकलेलं आहे, बहुधा लिंक, नाहीतर स्पिंडलचा हात. उजवी लिंक काढून नव्या डावीशेजारी काचेवर ठेवून बघा, पण उजवी-डावी सारखीच आहे ना, हे आकृतीत पाहून मग.

मेपल_वाडी
त्याऐवजी आट्यांची सळई आणि दोन टोकांना रॉड एंड (वळणारा जोड) लावून स्वतःची लिंक करता येईल का? म्हणजे लांबी हवी तशी.

नटबोल्ट
येईल, पुष्कळ लोक करतात. एका टोकाला उजव्या आट्या आणि दुसऱ्याला डाव्या घ्या, म्हणजे लिंक न काढता सळई फिरवून लांबी बदलते. रॉड एंड दोन्ही टोकांना पुरेसा आत गेलेला हवा, निदान आट्यांच्या व्यासाएवढा. रबरी टोपीवाले मिळाले तर तेच घ्या, उघड्या रॉड एंडमध्ये धूळ जाते. आणि चेक नट आवळताना रॉड एंड पकडीत धरून ठेवा, नाहीतर तो नटाबरोबर फिरून तिरका बसतो आणि पूर्ण वळणावर अडकतो.

बकआय_बंड्या
आत्ताच मोजलं. पुढे आणि मागे अंतर सारखंच भरतंय. उजवी लिंक काढून बघतो उद्या.